झावळ्यांचा रविवार

झावळ्यांचा रविवार (पाम संडे) हा ख्रिस्ती उपासनावर्षातील ईस्टरच्या लगेच आधीचा रविवार होय. येशू ख्रिस्ताने आपल्या मृत्यूच्या काही दिवस आधी गाढवाच्या शिंगरावर बसून यरुशलेम नगरात प्रवेश केला व लोकांनी झाडांच्या डाहाळ्या घेऊन राजा म्हणून त्याचे स्वागत केले, या घटनेचे स्मरण या दिवशी केले जाते. या रविवारापासून पवित्र आठवड्याला प्रारंभ होतो. ईस्टरची तारीख दरवर्षी बदलत असल्यामुळे पाश्चात्त्य पंचांगानुसार हा दिवस १५ मार्च ते १८ एप्रिल या काळात कधीही येतो. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स मंडळ्यांत तो बहुधा वेगळ्या तारखेस पाळला जातो.

या दिवसाच्या केंद्रस्थानी एक विरोधाभास आहे. ज्याचा राजा म्हणून जयजयकार होतो त्याच्याजवळ सैन्य, रथ किंवा अश्व नाही. त्याचे वाहनही मागून आणलेले आहे. आणि त्याच आठवड्यात त्याला क्रूसावर मृत्युदंड दिला जातो. ख्रिस्ती परंपरेने या घटनेत येशूच्या राजेपणाचे खरे स्वरूप पाहिले. त्यामुळे या दिवसाच्या उपासनेत विजयाची मिरवणूक आणि दुःखसहनाचे वाचन ही दोन्ही एकत्र येतात.

## शुभवर्तमानांतील वृत्तान्त

यरुशलेम-प्रवेशाची कथा चारही शुभवर्तमानांत आढळते (मत्तय २१:१–११, मार्क ११:१–११, लूक १९:२८–४४, योहान १२:१२–१९). पहिल्या तीन शुभवर्तमानांनुसार येशू जैतुनांच्या डोंगराजवळ बेथफगे व बेथानी या गावांपाशी आला असता त्याने दोन शिष्यांना पुढे पाठवून बांधून ठेवलेले शिंगरू आणावयास सांगितले. शिष्यांनी त्यावर आपली वस्त्रे घातली, येशू त्यावर बसला आणि लोकांनी वाटेवर वस्त्रे पसरली. मार्क व लूक यांच्या मते त्या शिंगरावर तोवर कोणीही बसलेले नव्हते.

चारही वृत्तान्तांचा गाभा एक असला तरी प्रत्येक लेखकाचा भर निराळा आहे.

* मार्कच्या वृत्तान्ताचा शेवट अनपेक्षितपणे शांत आहे. एवढ्या जयघोषानंतर येशू मंदिरात जातो, सभोवार पाहतो आणि संध्याकाळ झाली म्हणून बारा शिष्यांसह बेथानीस परततो.
* मत्तय जखऱ्या संदेष्ट्याच्या वचनाचा थेट उल्लेख करतो. त्याच्या कथेत गाढवी व शिंगरू असे दोन प्राणी आहेत. संपूर्ण नगर गडबडून जाते आणि हा कोण, असे विचारू लागते.
* लूकच्या वृत्तान्तात डाहाळ्यांचा उल्लेखच नाही, केवळ वस्त्रांचा आहे. येथे जयघोष करणारे मुख्यतः येशूचे शिष्य आहेत. काही परूशी त्यांना गप्प करण्यास सांगतात. नगर दृष्टीस पडताच येशू त्याच्यासाठी रडतो, कारण शांतीचा मार्ग त्या नगराने ओळखलेला नाही.
* खजुरीच्या झावळ्यांचा स्पष्ट उल्लेख केवळ योहान करतो. त्याच्या कथेतील क्रमही वेगळा आहे: लोक आधी झावळ्या घेऊन बाहेर येतात व इस्राएलाचा राजा म्हणून घोषणा देतात, त्यानंतर येशूला गाढवाचे शिंगरू मिळते व तो त्यावर बसतो.

योहानाच्या या क्रमाकडे अभ्यासकांचे विशेष लक्ष गेले आहे. याच शुभवर्तमानात यापूर्वी लोक आपल्याला बळेच राजा करतील हे ओळखून येशू डोंगरावर एकटा निघून जातो (६:१५). यरुशलेमच्या वेशीवर तो निघून जात नाही, मात्र घोषणेला गाढवावर बसून उत्तर देतो. राजा ही पदवी तो नाकारत नाही. तिचा लोकांना अभिप्रेत असलेला अर्थ बदलतो. शिष्यांनाही हे त्या वेळी कळले नाही, नंतर उमगले, अशी नोंद योहान करतो (१२:१६).

## गाढवाचा अर्थ

मराठी भाषिक वाचकाला गाढवावरील मिरवणूक म्हटले की प्रथम धिंड आठवते. गुन्हेगाराला गाढवावर बसवून गावभर फिरवणे ही महाराष्ट्रातील लोकव्यवहारात अप्रतिष्ठेची परिसीमा समजली जाते. प्राचीन इस्राएलात मात्र गाढवावर बसणे हे मुळात अपमानास्पद नव्हते. शास्ते ग्रंथात (५:१०, १०:४) प्रतिष्ठित घराण्यांतील पुरुष गाढवांवर बसून फिरतात. दावीद राजाने आपला पुत्र शलमोन याला गादीवर बसवताना स्वतःच्या खेचरावर बसवून गीहोन झऱ्यापाशी अभिषेकासाठी पाठवले होते (१ राजे १). उत्पत्तीच्या ४९व्या अध्यायातही यहूदाच्या वंशातील राजसत्तेच्या वर्णनाशेजारी गाढवाच्या शिंगराची प्रतिमा येते. अशा वाहनावरून राजनगरीत शिरणे हा एका अर्थाने राजपदावरील दावाच होता.

या दाव्यातील नम्रता समजण्यासाठी गाढवाची तुलना घोड्याशी करावी लागते. बायबलच्या जुन्या करारात घोडा हे प्रामुख्याने युद्धाचे साधन आहे. इस्राएलाच्या राजाने पुष्कळ घोडे बाळगू नयेत, असा निर्बंध अनुवाद ग्रंथात (१७:१६) घातलेला आहे. जखऱ्याच्या नवव्या अध्यायातही हाच विरोध स्पष्ट होतो. नवव्या वचनात सियोनेचा राजा लीन होऊन गाढवावर बसून येतो. लगेच दहाव्या वचनात एफ्राइमातील रथ, यरुशलेमातील घोडे आणि युद्धाचे धनुष्य नाहीसे केले जाते व राष्ट्रांना शांतीचा संदेश दिला जातो. म्हणजेच गाढव हे शस्त्रबळाच्या त्यागाचे चिन्ह ठरते.

या वचनातील मूळ हिब्रू शब्द ‘आनी’ याचा अर्थ दीन किंवा पीडित असा होतो. प्राचीन ग्रीक भाषांतरात त्यासाठी ‘प्राउस’, म्हणजे सौम्य, हा शब्द आला आणि मत्तयाने तोच वापरला. डोंगरावरील प्रवचनात पृथ्वीचे वतन ज्यांना मिळेल असे सांगितले आहे त्या सौम्य जनांसाठी (५:५), तसेच येशू स्वतःचे वर्णन करतो तेथेही (११:२९) मत्तयाच्या शुभवर्तमानात हाच शब्द आहे. जखऱ्याच्या मूळ वचनातील राजाच्या न्यायीपणाचा व विजयाचा भाग मत्तयाने गाळला असून सौम्यतेचा भाग ठेवला आहे. मत्तयाच्या कथेतील दोन प्राण्यांचे मूळही याच वचनात शोधले जाते. हिब्रू काव्यात एकच गोष्ट दोन ओळींत वेगळ्या शब्दांनी सांगण्याची पद्धत आहे. त्यानुसार जखऱ्यातील गाढव व शिंगरू हा एकच प्राणी मानला जातो.

यहुदी परंपरेतही हे वचन मशीहाविषयीचे मानले गेले. बाबिलोनी तालमूदातील सान्हेद्रिन या प्रबंधात अशी चर्चा आहे, की लोक योग्य असतील तर मशीहा आकाशातील मेघांसह येईल आणि नसतील तर लीन होऊन गाढवावरून येईल.

## वस्त्रे, झावळ्या आणि होसान्ना

राजाच्या पायांखाली वस्त्रे पसरण्याचा प्रघात जुन्या करारात येहूच्या कथेत दिसतो (२ राजे ९:१३). झावळ्यांना धार्मिक तसेच राजकीय असा दुहेरी संदर्भ होता. मंडपांच्या सणात झावळ्या व हिरव्या डाहाळ्या घेऊन आनंद करण्याची आज्ञा लेवीय ग्रंथात (२३:४०) आहे. दुसरीकडे, इ.स.पू. १४१ मध्ये शिमोन मक्काबीने यरुशलेमचा गड परकीय सैन्यापासून मुक्त केला तेव्हा यहुदी लोक झावळ्या घेऊन गात-वाजवत गडात शिरले, असे मक्काबींच्या पहिल्या ग्रंथात (१३:५१) नोंदलेले आहे. रोमविरुद्धच्या उठावांच्या काळातील यहुदी नाण्यांवरही खजुरीचे चिन्ह आढळते. रोमन अंमलाखालील नगरात झावळ्या घेऊन राजाचा जयघोष करणे यात मुक्तीची अपेक्षा होती.

‘होसान्ना’ हा उद्गार आज स्तुतीचा समजला जातो. मुळात ती याचना होती. स्तोत्रसंहितेच्या ११८व्या स्तोत्रातील ज्या हिब्रू शब्दांपासून तो आला त्यांचा अर्थ आमचे तारण कर, असा आहे. हे स्तोत्र यात्रेकरू मोठ्या सणांच्या वेळी गात असत. कॅथलिक मिस्सामध्ये व इतर अनेक मंडळ्यांच्या प्रभुभोजन विधीत हा उद्गार वर्षभर म्हटला जातो.

## ऐतिहासिक विवेचन

घटनेच्या ऐतिहासिक स्वरूपाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. वल्हांडणाच्या सणास यरुशलेमात मोठी गर्दी होई आणि मंदिराच्या ओवऱ्यांवर रोमन सैनिक पहारा देत, असे इतिहासकार योसेफस सांगतो. अशा वातावरणात एखाद्याचा जाहीरपणे राजा म्हणून जयघोष झाला असता तर त्याला तत्काळ अटक झाली असती. त्यामुळे ही घटना प्रत्यक्षात लहान प्रमाणावर घडली असावी, असे ई. पी. सँडर्स यांनी ‘जीझस अँड ज्युडाइझम’ (१९८५) या ग्रंथात सुचवले. झावळ्या व ११८वे स्तोत्र मंडपांच्या सणाशी अधिक जुळतात याकडे लक्ष वेधून, घटना मुळात शरद ऋतूतील असावी असेही मत मांडले गेले आहे.

मार्कस बोर्ग व जॉन डॉमिनिक क्रॉसन यांनी ‘द लास्ट वीक’ (२००६) मध्ये दोन मिरवणुकांची मांडणी केली. सणाच्या बंदोबस्तासाठी रोमन सुभेदार पंतय पिलात घोडदळासह पश्चिमेकडून नगरात येत असे. त्याच सुमारास पूर्वेकडून गाढवावर आलेला येशू हे त्या सत्तेला जाणीवपूर्वक दिलेले प्रत्युत्तर होते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. पिलात त्याच दिवशी आला, असे मात्र शुभवर्तमानांत कोठेही म्हटलेले नाही.

रविवारी जयघोष करणाऱ्या जमावानेच शुक्रवारी त्याला क्रूसावर चढवा अशी मागणी केली, असे प्रवचनांतून वारंवार सांगितले जाते. शुभवर्तमानांत मात्र हे दोन जमाव एकच असल्याचे विधान नाही. लूकमध्ये जयघोष शिष्यांचा आहे आणि मत्तयात येशूबरोबर आलेले यात्रेकरू व त्याला न ओळखणारे नगरवासी यांत भेद केलेला आहे.

## राजा आणि क्रूस

प्रवेशाच्या वेळी मिळालेली राजा ही पदवी पुढे आरोपाचा विषय बनते. पिलात येशूला तू यहूद्यांचा राजा आहेस काय, असे विचारतो; योहानाच्या वृत्तान्तात येशू आपले राज्य या जगाचे नसल्याचे सांगतो आणि तसे असते तर आपले सेवक लढले असते, असे त्याचे कारण देतो (१८:३६). सैनिक त्याला काट्यांचा मुकुट व जांभळे वस्त्र घालून राजा म्हणून थट्टेने मुजरा करतात. क्रूसावर लावलेल्या फलकावर त्याचा उल्लेख यहूद्यांचा राजा असाच होतो. योहानानुसार हा मजकूर हिब्रू, लॅटिन व ग्रीक या तीन भाषांत होता.

ख्रिस्ती ईशज्ञानाने या उपरोधातच सत्य पाहिले. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातील (२:६–११) भागात ख्रिस्त स्वतःला रिक्त करून दासाचे रूप घेतो, क्रूसावरील मरणापर्यंत आज्ञाधारक राहतो आणि म्हणूनच त्याला सर्वोच्च स्थान मिळते, असा क्रम आहे. हाच भाग झावळ्यांच्या रविवारी कॅथलिक व इतर अनेक मंडळ्यांत वाचला जातो. त्यात नम्रता ही राजवैभवाच्या आधीची तात्पुरती पायरी नसून त्या वैभवाचा आशय ठरते.

## उपासनेचा इतिहास

या दिवसाच्या मिरवणुकीचे सर्वांत जुने सविस्तर वर्णन एगेरिया या यात्रेकरू स्त्रीच्या प्रवासवृत्तात मिळते. चौथ्या शतकाच्या अखेरीस ती यरुशलेमात होती. दुपारी लोक जैतुनांच्या डोंगरावर जमत, स्तोत्रे व वाचने होत आणि सायंकाळी खजुरीच्या व जैतुनाच्या डाहाळ्या घेऊन सर्वजण बिशपांसह पायी नगरात उतरत. चालू न शकणारी बालके आईवडिलांच्या खांद्यावर असत, असे ती नमूद करते. तिच्या वृत्ताचे हस्तलिखित १८८४ मध्ये इटलीतील अरेझ्झो येथे सापडले.

पुढे ही प्रथा पूर्वेकडे व पश्चिमेकडे पसरली. ऑर्लेआँचा बिशप थिओडुल्फ याने नवव्या शतकात रचलेले लॅटिन स्तोत्र मिरवणुकीत गाइले जाऊ लागले; ते त्याने बंदिवासात रचले, असे परंपरा सांगते. मध्ययुगीन जर्मन भाषिक प्रदेशांत चाके लावलेल्या लाकडी गाढवावर बसलेली ख्रिस्ताची मूर्ती मिरवणुकीत ओढत नेत. धर्मसुधारणेच्या काळात अशा अनेक मूर्ती नष्ट करण्यात आल्या.

ऐहिक सत्तेने या नम्र राजापुढे कसे वागावे, हा प्रश्नही या दिवसाभोवती उभा राहिला. सोळाव्या-सतराव्या शतकांत मॉस्कोमध्ये धर्मप्रमुख गाढवासारख्या सजवलेल्या घोड्यावर बसत आणि स्वतः झार पायी चालत त्याचा लगाम धरी. सतराव्या शतकाच्या अखेरीस ही प्रथा बंद पडली. बायझंटाइन सम्राट हेराक्लियसविषयी मध्ययुगीन आख्यायिका अशी, की सातव्या शतकात क्रूस यरुशलेमास परत आणताना तो राजवेषात घोड्यावरून वेशीपाशी आला तेव्हा वेस आपोआप बंद झाली. स्वर्गाचा राजा येथून गाढवावर गेला होता, याची आठवण देवदूताने करून दिल्यावर सम्राटाने राजचिन्हे उतरवली व तो अनवाणी आत गेला. इंग्लंडमध्ये १६५६ साली जेम्स नेलर या क्वेकर उपदेशकाने ब्रिस्टल नगरात या प्रवेशाची प्रतिकृती केली. त्याला ईशनिंदेबद्दल दोषी ठरवून संसदेने अत्यंत कठोर शारीरिक शिक्षा दिली.

## आजची उपासना

कॅथलिक चर्चमध्ये बाराव्या पायसने १९५५ मध्ये पवित्र आठवड्याच्या विधींची पुनर्रचना केली व १९६९च्या पंचांगसुधारणेने दुःखसहनाचा रविवार आणि झावळ्यांचा रविवार एकत्र केले. उपासक चर्चबाहेर जमतात. झावळ्यांना आशीर्वाद दिला जातो. यरुशलेम-प्रवेशाचा वृत्तान्त वाचून सर्वजण मिरवणुकीने आत जातात. आत गेल्यावर सूर पालटतो. यशयातील पीडित सेवकाचे वचन, २२वे स्तोत्र आणि येशूच्या दुःखसहनाचा दीर्घ वृत्तान्त वाचला जातो. हा वृत्तान्त तीन वर्षांच्या चक्रानुसार मत्तय, मार्क किंवा लूक यांतून घेतात आणि तो अनेकदा निरनिराळे वाचक वाटून वाचतात. जमावाची वाक्ये उपासकांच्या वाट्याला येतात, त्यामुळे काही वेळापूर्वी होसान्ना म्हणणाऱ्यांनाच मृत्युदंडाची मागणी उच्चारावी लागते. धर्मगुरूंची वस्त्रे लाल रंगाची असतात.

आशीर्वादित झावळ्या लोक घरी नेऊन क्रूसाजवळ किंवा देव्हाऱ्यात ठेवतात. पुढच्या वर्षी त्या जाळून त्यांची राख राखेच्या बुधवारी कपाळावर लावण्यासाठी वापरली जाते. राजाच्या स्वागताची खूण अशा रीतीने पश्चात्तापाची खूण बनते. खजुरी नसलेल्या प्रदेशांत स्थानिक झाडे वापरतात: इटलीत जैतून, तर पोलंड, युक्रेन व रशियात वाळुंजाच्या कळ्यांच्या फांद्या. ऑर्थोडॉक्स परंपरेत आदला दिवस लाजर-शनिवार म्हणून पाळला जातो.

## भारतात व महाराष्ट्रात

केरळमधील सुरियानी परंपरेच्या मंडळ्यांत हा दिवस ‘ओशाना’ नावाने ओळखला जातो. तेथे या दिवशी मिळालेल्या झावळीच्या पानाचा लहान क्रूस करून पवित्र गुरुवारी घरी केल्या जाणाऱ्या ‘पेसहा अप्पम’वर ठेवण्याची प्रथा आहे. महाराष्ट्रात वसई, मुंबई व कोकण किनाऱ्यावरील कॅथलिक समाजात, तसेच प्रॉटेस्टंट मंडळ्यांतही मिरवणुका निघतात. किनारपट्टीवर माडाच्या झावळ्या सहज मिळतात, तर अन्यत्र स्थानिक उपलब्धतेनुसार हिरव्या डाहाळ्या घेतात. पानांचे क्रूस विणण्याचे कामही अनेक ठिकाणी केले जाते.

मराठीत ख्रिस्तचरित्र सांगण्याची परंपरा गोव्यात राहिलेले इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ (१६१६) या ग्रंथापर्यंत मागे जाते. नारायण वामन टिळक यांनी आरंभलेले व त्यांच्या मृत्यूनंतर (१९१९) लक्ष्मीबाई टिळक यांनी पूर्ण केलेले ‘ख्रिस्तायन’ हे त्याच परंपरेतील काव्य होय.

## ख्रिस्त राजाचा सण

येशूच्या राजेपणाला वाहिलेला स्वतंत्र सण कॅथलिक चर्चमध्ये अकराव्या पायसने ११ डिसेंबर १९२५ रोजी सुरू केला. पहिल्या महायुद्धानंतर वाढलेला आक्रमक राष्ट्रवाद आणि धर्माला सार्वजनिक जीवनातून वगळण्याची प्रवृत्ती ही त्याची पार्श्वभूमी होती. आरंभी तो ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी येत असे. १९६९च्या सुधारणेनंतर तो आगमनकाळाच्या आधीच्या रविवारी पाळला जातो. अनेक प्रॉटेस्टंट मंडळ्यांनीही तो स्वीकारला आहे.

ही पदवी संघर्षापासून अलिप्त राहिली नाही. मेक्सिकोत १९२६ ते १९२९ या काळात सरकारच्या धर्मविरोधी कायद्यांविरुद्ध शस्त्र उचललेल्या क्रिस्तेरो बंडखोरांची घोषणाच ख्रिस्त राजाच्या विजयाची होती. आजच्या वाचनक्रमात मात्र या सणासाठी निवडलेली तीनही शुभवर्तमाने राजेपणाचा अर्थ नम्रतेकडे वळवतात: पहिल्या वर्षी भुकेल्या, तहानलेल्या व बंदिवानांशी एकरूप झालेला राजा (मत्तय २५), दुसऱ्या वर्षी पिलातासमोर उभा असलेला बंदिवान (योहान १८) आणि तिसऱ्या वर्षी क्रूसावरून शेजारच्या अपराध्याला आश्वासन देणारा ख्रिस्त (लूक २३).

## कला व संगीत

रोममधील जुनियस बासस याच्या शवपेटीवर (इ.स. ३५९) मधल्या भागात वर सिंहासनारूढ ख्रिस्त आणि त्याच्या नेमका खाली गाढवावरून येणारा ख्रिस्त कोरलेला आहे; राजेपणाच्या दोन प्रतिमा येथे जाणीवपूर्वक एकाखाली एक ठेवलेल्या दिसतात. जोत्तोने पादुआ येथील स्क्रोवेग्नी प्रार्थनागृहात १३०५च्या सुमारास हा प्रसंग रंगवला. हेराक्लियसची आख्यायिका पिएरो देल्ला फ्रान्चेस्काच्या अरेझ्झो येथील भित्तिचित्रमालेत आहे. योहान सेबास्टियन बाख याने २५ मार्च १७१४ रोजी वायमार येथे या रविवारासाठी स्वर्गाच्या राजाचे स्वागत करणारा कँटाटा (क्रमांक १८२) सादर केला.

## हेही पाहा

* पवित्र आठवडा
* राखेचा बुधवार
* गुड फ्रायडे
* ईस्टर
* क्रिस्तपुराण